एल्व्हिओच्या डोळ्यात कपची नव्हती

आमच्या दगड घडवायच्या शेडमध्ये कुणाच्या डोळ्यात दगडाची कपची गेली तर तो डॉक्टरकडे जात नसे, एल्व्हिओकडे जात असे. जेवणाच्या सुट्टीत उत्तरेच्या मोठ्या खिडकीखाली एक बादली पालथी घालून ठेवलेली असायची. तिच्यावर बसायचं, मान मागे टाकायची आणि गप्प राहायचं. एल्व्हिओ खिशातून काडेपेटी काढायचा, एक काडी चाकूनं तासून तिच्या टोकाला कापूस गुंडाळायचा, दुसऱ्या काडीवर पापणी उलटी करायचा आणि "हां, दिसली बया" म्हणेपर्यंत कपची बाहेर आलेली असायची. गावातल्या इतर शेडमधलेसुद्धा येत. एकदा खाणीचा मालक आला होता. त्यालाही त्याच बादलीवर बसवला आणि मान हलवली म्हणून चारचौघांत झापला.

मी ओडेट थिबो. त्याच शेडमध्ये सव्वीस वर्षं रबर कापलं. थडग्याच्या दगडावर नाव उठवायचं तर आधी दगडावर रबराचा पत्रा चिकटवतात, त्यातली अक्षरं चाकूनं कापून काढतात आणि उघड्या जागेवर वाळूचा मारा करतात. ते कापायचं काम माझं. एल्व्हिओ गारबाती माझ्या कामाला काम म्हणत नसे. तो छिन्नीवाला. गुलाब, लिली, जोडलेले हात, देवदूतांचे चेहरे, सगळं हातानं. "तू शिवणकाम करतेस, ओडेट," म्हणायचा, "शिवणकाम चांगलं करतेस." मीही म्हणायची, "तुझा देवदूत दातदुखीनं हैराण झालाय बघ. आधी त्याला डॉक्टरकडे ने." रोज हेच चालायचं. त्याच्याशी भांडल्याशिवाय मला जेवण जात नसे, आणि माझ्या डब्यातली डुकराचा खिमा भरून भाजलेली पै चोरल्याशिवाय त्याला.

आता तो एकाहत्तर वर्षांचा आहे आणि ठणठणीत आहे, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर तुम्ही उगाच जीव मुठीत धरून बसाल. पण डोळा गेला. उजवा. तो कसा गेला आणि त्यात माझा हात किती, ते सांगायला मला चौदा वर्षं लागली.

गोष्ट त्र्याण्णव सालच्या मार्चमधली. बर्फ वितळून सगळ्या रस्त्यांचा चिखल झाला होता. एका सोमवारी एल्व्हिओ उजवा डोळा लाल करून आला. पापणी सुजलेली, डोळ्याला धार लागलेली. दुपारी तो स्वतःच बादलीवर बसला आणि मला म्हणाला, "ये गं शिवणवाली. तुझा हात स्थिर आहे. बघ, वरच्या बाजूला बसलीय. खोल आहे."

सगळी शेड जमा झाली. कपच्या काढणाऱ्याच्याच डोळ्यात कपची गेली, मग काय, चेष्टेला ऊत. मी त्यानं शिकवल्याप्रमाणे पापणी उलटी केली. लाल होतं सगळं, पण कपची नव्हती. खाली पाहिलं, कोपऱ्यात पाहिलं, डोळा फिरवायला लावला. फिरवताना तो कळवळला.

"नाहीये," मी म्हटलं.

"आहे. नीट बघ."

"अरे नाही म्हणतेय ना!"

"मग माझा डोळा काय हौस म्हणून दुखतोय?"

मंगळवारी पुन्हा बादली. बुधवारी पुन्हा. डोळा जास्तच सुजला. त्याला खोकलाही होता महिनाभर, आणि नाक शिंकरलं की रुमालावर रक्ताच्या खपल्या यायच्या. पण आमच्या शेडमध्ये खोकला नाही असा माणूस दाखवा, आणि थंडीत ज्याच्या नाकातून रक्त येत नाही असाही. आमच्याकडे काहीही झालं तरी त्याचं कारण एकच. खोकला दगडाचा, नाकातलं रक्त दगडाचं, डोळा लाल झाला तर तोही दगडानंच. दुसरं काही असू शकतं हे आमच्या डोक्यातच येत नव्हतं. चार पिढ्या याच धुळीत गेल्या, येणार कुठून?

आणि एल्व्हिओच्या बाबतीत आणखी एक गोष्ट होती, ती सगळ्यांना माहीत होती आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नसे. त्याचा बाप धूळ ओढणाऱ्या नळांच्या आधीच्या काळातला. दारं-खिडक्या बंद करून हिवाळाभर दगड तोडणाऱ्यांतला. शेहेचाळिसाव्या वर्षी टेकडीवरच्या इस्पितळात वारला, छातीत दगडाची धूळ साचून. एल्व्हिओ तेव्हा नऊ वर्षांचा. डॉक्टरांनी बापाच्या छातीचा फोटो खिडकीच्या उजेडात धरून आईला दाखवला होता आणि पोरगं मागे उभं होतं. तेव्हापासून ज्या दिवशी छातीचे फोटो काढणारी सरकारी गाडी शेडच्या दारात यायची, त्या दिवशी एल्व्हिओच्या पोटात दुखायचं. वीस वर्षं दर शरद ऋतूत एकाच दिवशी पोट दुखलं, आणि आम्ही सगळे "पोटाला जप रे बाबा" म्हणत आलो.

म्हणून गुरुवारी जेव्हा मी म्हटलं, "एल्व्हिओ, डॉक्टरला दाखव," तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला बघवेना. छप्पन-सत्तावन्न वर्षांचा बाप्या, आणि डोळ्यांत त्या नऊ वर्षांच्या पोराची भीती. "आधी कपची काढ," तो म्हणाला. "कपची निघाली की सगळं बरं होईल. काढ ना गं."

मी पुन्हा पापणी उलटी केली. पुन्हा काही नाही. मागे दहा माणसं उभी. त्याच्या गालावरून पाणी ओघळत होतं. माझ्या एप्रनवर एक बारीकसा कण होता, मोहरीएवढासुद्धा नाही. मी तो काडीवर घेतला आणि म्हटलं, "निघाली!"

शेडमध्ये टाळ्या पडल्या. एल्व्हिओनं कण तळहातावर घेऊन पाहिला, फुंकून टाकला आणि माझ्या गालाची पापी घेतली. मला वाटलं, बिचारा आज तरी निवांत झोपेल. एवढंच वाटलं. आपण काहीतरी वाईट करतोय असं क्षणभरही मनात आलं नाही. उलट मी स्वतःवरच खूश होते.

पुढचे चार दिवस तो म्हणत राहिला, "जखम राहिलीय, भरेल." डोळा भरण्याऐवजी पुढे यायला लागला. अगदी शब्दशः. डाव्या डोळ्याच्या मानानं उजवा बुबुळासकट खोबणीतून बाहेर ढकलल्यासारखा दिसे, पापणी पुरती मिटत नसे. मग एकाच्या दोन वस्तू दिसायला लागल्या, म्हणून त्यानं काळ्या चामड्याचा तुकडा शिवून त्यावर बांधला. पोरं समुद्री चाचा म्हणून हाक मारायला लागली. तो हसायचा. मी नाही हसले.

दुसऱ्या गुरुवारी मी त्याला खिडकीपाशी गाठलं. पट्टी वर करायला लावली. दगडावर खुणा करायची माझी लाल खडूची पेन्सिल त्याच्यासमोर धरली. "डावा डोळा झाक. हा रंग कुठला?"

"चॉकलेटी."

"आता उजवा झाक."

त्यानं झाकला आणि म्हणाला, "लाल आहे."

मी डॉक्टर नाही, पण रंग जातो म्हणजे डोळा आतून जातोय एवढं मलाही कळलं. आणि मग राहवलं नाही. मी सगळं ओकून टाकलं. "एल्व्हिओ, मी तुला फसवलं रे. मागच्या गुरुवारी काही निघालंच नव्हतं. तो कण माझ्या एप्रनवरचा होता. कपची नाहीच आहे तुझ्या डोळ्यात. कधीच नव्हती. दुसरं काहीतरी आहे, मोठं आहे, आणि तू आत्ताच्या आत्ता चल."

मला वाटलं तो चिडेल, छिन्नी फेकेल.

"माहीत आहे मला," तो म्हणाला.

"काय माहीत आहे?"

"तीस वर्षं लोकांच्या डोळ्यांतनं कपच्या काढतोय. निघालेली कळत नाही होय मला?"

"अरे मेल्या! मग बोलला का नाहीस?"

"तू माझी सोय केलीस," तो शांतपणे म्हणाला. "नेरिनाला सांगायला काहीतरी झालं."

नेरिना त्याची बायको. बुटकी, मोजकं बोलणारी, चर्चच्या स्वयंपाकघरात सगळ्यांना धाकात ठेवणारी. तिला त्यानं सांगितलं होतं की खडा निघाला, आता नुसती सूज उतरायची आहे. मी रागानं लाल झाले. रागावले कुणावर ते मात्र सांगता येणार नाही. मी त्याला नाही नाही ते बोलले. भित्रा म्हटलं, गाढव म्हटलं, बापासारखं मरायचंय का म्हटलं. हे शेवटचं बोलायला नको होतं. तो उठला, पट्टी बांधली आणि आपल्या दगडाकडे गेला. दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. आणि मी? मी मूर्खासारखी रुसून बसले. नेरिनाला एक फोन करायचा होता. केला नाही. तिला काय सांगणार होते, की मी खोटं बोलले?

सोमवारी सकाळी तो एका शिक्षिकेच्या थडग्यावर गुलाबांची माळ कोरत होता. शेवटची पाकळी राहिली होती. एका डोळ्यानं खोली कळत नाही हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं, किंवा आलं होतं आणि त्यानं ते कुणाला कळू दिलं नव्हतं. छिन्नी ठेवली, हातोडा मारला, आणि अख्खा गुलाब देठापासून निखळून खाली पडला.

शेडमधली सगळी यंत्रं थांबली नाहीत, पण माणसं थांबली. एल्व्हिओकडून दगड बिघडलेला कुणी पाहिला नव्हता. तो खाली वाकला, चाचपडला. गुलाब त्याच्या उजव्या पायाजवळच होता, तो डावीकडे शोधत होता. मी उचलून त्याच्या हातात दिला.

"चल," मी म्हटलं. "गाडी काढते."

"छातीचा फोटो काढणार नाहीत असं म्हण."

"नाही काढणार. डोळ्याला छातीचं काय करायचंय?"

खोटं बोलायची मला एव्हाना सवयच झाली होती.

वाटेत नेरिनाला घेतलं. तिनं विचारलं, "खडा निघाला होता ना?" आम्ही दोघंही चिखलाच्या रस्त्याकडे बघत बसलो. तळ्याकाठच्या मोठ्या इस्पितळापर्यंत सव्वा तास लागतो. त्या सव्वा तासात एल्व्हिओ चारदा खोकला आणि चारही वेळा त्यानं रुमाल लगेच मुठीत दाबला. मागच्या आरशात नेरिना त्या मुठीकडे बघताना मला दिसत होती.

डॉक्टरीण तरुण होती, लिंडक्विस्ट नावाची, उंचच्या उंच. तिनं डोळा पाहिला, नाकात बघितलं, लघवी तपासायला पाठवली, डोक्याचा स्कॅन काढला. मग म्हणाली, "आता छातीचा फोटो."

एल्व्हिओनं माझ्याकडे पाहिलं. त्या एका डोळ्यानं असं पाहिलं की मला जमिनीनं पोटात घ्यावं असं वाटलं. पण तो गेला. बहुतेक नेरिनानं त्याचा दंड धरला होता म्हणून.

तासाभरानं डॉक्टरणीनं फोटो दिव्याच्या पेटीवर लावला. फुप्फुसांत पांढरे डाग. तीन-चार, अक्रोडाएवढे. एल्व्हिओ उठून उभा राहिला आणि टोपी शोधायला लागला.

"बसा," डॉक्टरीण म्हणाली.

"बसून काय करू? हे मी पाहिलंय. माझ्या बापाचा असाच होता. याला औषध नाही हे माझ्या आईला पंचेचाळीस साली सांगितलं होतं, तुम्ही वेगळं काय सांगणार? मला घरी मरायचंय. ओडेट, गाडी काढ."

"मिस्टर गारबाती, मला तुमच्या वडिलांचं माहीत नाही. पण धुळीनं डोळा बाहेर येत नाही. धुळीनं लघवीतून रक्त जात नाही, आणि तुमच्या लघवीत रक्त आहे. हे धुळीचं असेल असं मला वाटत नाही. कॅन्सर असू शकतो, ते मी लपवत नाही. किंवा तिसरंच काहीतरी असेल. नाकातला एक तुकडा काढून तपासू द्या. पण डोळ्याचं मात्र आज, आत्ता. डोळ्यामागे खोबणीत सूज आहे, ती डोळा पुढे ढकलतेय आणि दृष्टीची नस आवळतेय. एकेक तास मोलाचा आहे. तुम्ही दारातून बाहेर गेलात तर तो डोळा परत येणार नाही."

तो दारापर्यंत गेला. मी खरंच सांगते, हात कडीवर होता त्याचा. तेव्हा नेरिना बोलली. मोठ्यानं नाही. "एल्व्हिओ, तुझ्या आईला कुणी तिसरं काही असेल असं म्हटलं असतं, तर ती दारातून बाहेर गेली असती का?"

तो परत येऊन बसला.

नाकातला तुकडा त्याच संध्याकाळी काढला आणि लगेच स्टेरॉइडची बाटली लावली. मग तीन दिवस वाट बघणं. मी सुट्टी टाकली. नेरिनानं जपमाळ काढली, मी वाटाण्याच्या सूपचा थर्मास आणला आणि कुणीच प्यायलं नाही. रोज सकाळी डॉक्टरीण यायची, डावा डोळा झाकून बोटं दाखवायची. पहिल्या दिवशी त्याला बोटं मोजता आली. दुसऱ्या दिवशी नुसता हात हलताना दिसला. तिसऱ्या दिवशी त्यानं विचारलं, "दाखवलंत का?" आणि तिचा हात समोरच होता. त्या वेळी मी खोलीबाहेर पळाले आणि भिंतीला टेकून हमसून हमसून रडले.

त्याच दुपारी निकाल आला. कॅन्सर नव्हता. धुळीचा आजारही नव्हता. शरीर स्वतःच्याच रक्तवाहिन्यांवर उलटतं, त्या सुजतात, आणि जिथे सुजतात तिथलं मांस मरत जातं. नाकात, फुप्फुसात, मूत्रपिंडात, कधी डोळ्याच्या खोबणीत. एका आजाराची ही सगळी पिल्लं. आणि आम्ही प्रत्येकाला दगडाचं नाव देत बसलो होतो. पूर्वी माणसं यात वर्षाच्या आत जायची, आता औषध आहे, असं डॉक्टरीण म्हणाली. कॅन्सरवाल्यांना देतात त्यातलीच एक गोळी आणि स्टेरॉइड. मूत्रपिंडं वाचतील. जीव वाचेल. फुप्फुसातले डाग विरतील.

"डाग विरतील?" एल्व्हिओनं दोनदा विचारलं. "विरतात? छातीतले?"

"विरतात."

तो हसायला लागला. अठ्ठेचाळीस वर्षं ज्या फोटोला भ्यायला होता त्यातले डाग विरणारे निघाले. तो हसत होता, रडत होता, नेरिनाचे हात दाबत होता. माझ्याही जिवात जीव आला. सगळं फिटलं असं मला वाटलं. मी खुर्चीत बसून पहिल्यांदाच थर्मास उघडला.

आणि मग त्यानं, जाता जाता विचारावं तसं, विचारलं, "आणि डोळा?"

डॉक्टरीण त्याच्या पलंगाच्या काठावर बसली. तेव्हाच आम्हाला कळलं. "सूज उतरेल. डोळा जागेवर जाईल. पण नस फार दिवस आवळलेली राहिली. दिसणार नाही त्यानं. दहा-अकरा दिवस आधी आला असतात तर बहुतेक वाचवला असता."

ती गेली. दहा-अकरा दिवस. मला बोटांवर मोजायची गरज नव्हती. तो माझा गुरुवार होता, ते मला आपोआप कळलं.

नेरिना हळूच म्हणाली, "तेव्हा तर खडा निघाला होता."

एल्व्हिओ म्हणाला, "मी भ्यालो, नेरिना. सगळी चूक माझी. ओडेट रोज सांगत होती, डॉक्टरकडे चल म्हणून. मीच ऐकलं नाही."

तो मला वाचवत होता. पलंगावर पडल्या पडल्या, एक डोळा गमावून, मला वाचवत होता. मी ते घेऊ शकले असते. कुणालाही कळलं नसतं.

"खडा निघालाच नव्हता, नेरिना," मी म्हटलं. "मी एप्रनवरचा कण दाखवला. त्याला बरं वाटावं म्हणून."

"आणि मला ते माहीत होतं," एल्व्हिओ म्हणाला.

नेरिनानं आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं.

"तुम्हा दोघांना माहीत होतं," ती म्हणाली. "म्हणजे मलाच तेवढं माहीत नव्हतं. त्या गुरुवारी हा घरी येऊन म्हणाला, निघाला खडा. मी तशीच कोट चढवून चर्चमध्ये गेले. चिखलातून, चालत. देवाचे आभार मानले. मेणबत्ती लावली. तुझ्या नावानं, ओडेट. तुझे हात सुखी राहू देत म्हणून."

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

"ऊठ तिथून," ती म्हणाली. "मला त्याच्याजवळ बसायचंय."

मी उठले आणि खुर्ची तिला दिली.